मराठी ब्लॉगमागची रोजची कामं स्क्रिप्टकडे कशी सोपवावीत

लेख लिहून झाला तरी ब्लॉगचं काम संपलेलं नसतं. मोबाइलमधले फोटो लहान करायचे, वर्डमधून आणलेल्या मजकुरातल्या नको त्या मोकळ्या जागा काढायच्या, लेखाला वेबपत्ता (यूआरएल) द्यायचा, जुन्या लिंका अजून उघडतात का ते पाहायचं, अधूनमधून बॅकअप घ्यायचा. यातलं एकही काम अवघड नाही. पण ते दर लेखाला तसंच्या तसं करावं लागतं, आणि कंटाळा आला की सगळ्यात आधी बॅकअप राहतो.

या कामांसाठी तयार साधनं भरपूर मिळतात. अडचण अशी की त्यांतली बहुतेक इंग्रजी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून बनली आहेत. देवनागरीत ती चुकतात आणि चुकल्याचं सांगतही नाहीत. लेखाचा पत्ता मध्येच तुटतो, शब्दमोजणी भलतीच येते, उताऱ्याचं शेवटचं अक्षर वेलांटीवाचून उरतं. म्हणून मराठीत लिहिणाऱ्याने चार-पाच छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाकडून ठरलेलं काम करून घेणारे छोटे प्रोग्रॅम, स्वतःच्या ठेवाव्यात असं मला मनापासून वाटतं. एकेक स्क्रिप्ट चाळीस-पन्नास ओळींची असते, आणि तिला आपल्या भाषेच्या खाचाखोचा आपण शिकवू शकतो.

पुढे प्रत्येक स्क्रिप्टने काय करायचं ते क्रमाने मराठीत मांडलं आहे. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर त्यावरून थेट लिहिता येईल. येत नसेल तर हाच आराखडा एखाद्या जाणकार मित्राला किंवा एआय चॅटबॉटला द्या. मराठीतले बारकावे मात्र आराखड्यात लिहून द्यावेच लागतात, ते कोणी आपणहून धरत नाही. नमुना म्हणून सह्याद्रीतल्या गडकिल्ल्यांवर लिहिणारा ब्लॉग धरला आहे, कारण त्यात फोटो, जुन्या लिंका, अभंग-पोवाड्यांचे उतारे असं सगळंच येतं.

आधी घडी बसवा

पायथन ३ त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्या. विंडोजवर बसवताना पहिल्याच खिडकीत तळाशी ‘पाथ’मध्ये जोडण्याची चौकट असते, तिच्यावर खूण करायला विसरू नका. नाहीतर टर्मिनलला (आज्ञा टंकायच्या खिडकीला) पायथन सापडत नाही आणि सुरुवातीलाच उत्साह मावळतो. मग ‘पिप’ या पायथनच्याच साधनाने दोन गोष्टी बसवा: फोटोंसाठी ‘पिलो’ आणि इंटरनेटवरून पानं आणण्यासाठी ‘रिक्वेस्ट्स’. बाकी लागणारं सगळं पायथनसोबतच येतं.

आता एक मुख्य फोल्डर करा आणि त्यात मसुदे, तयार लेख, मूळ फोटो, वेबसाठीचे फोटो, अहवाल आणि बॅकअप असे सहा फोल्डर ठेवा. त्यांची नावं इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता द्या. पायथनला मराठी नावं चालतात, पण झिप करणारी काही जुनी साधनं ती बिघडवून ठेवतात.

लेख साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिणं सगळ्यात सोयीचं. वर चार ओळी माहितीच्या: शीर्षक, तारीख, पत्ता, लेबलं. मग एक कोरी ओळ आणि खाली लेख. ठळक अक्षरं, उपशीर्षकं, लिंका यांसाठी मार्कडाउनच्या खुणा वापराव्यात, त्या शिकायला अर्धा तास पुरतो. वर्डची किंवा गूगल डॉक्सची सवय असेल तर ती मोडायची गरज नाही. ‘पँडॉक’ नावाचं मोफत साधन वर्डच्या फाइलीचं मार्कडाउन करून देतं आणि मार्कडाउनचं एचटीएमएलही (वेबपानाची भाषा).

स्क्रिप्ट लिहिताना पहिल्याच दिवशी एक गोष्ट पक्की करा. फाइल उघडताना आणि जतन करताना दर वेळी ‘यूटीएफ-८’ (अक्षरं संगणकात साठवण्याची पद्धत) असं स्पष्ट लिहायचं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. विंडोजवर पायथनला काही सांगितलं नाही तर ते संगणकाची जुनी सांकेतिक पद्धत धरून फाइल उघडतं, आणि मग एकतर चूक दाखवून थांबतं किंवा मराठीच्या जागी अगम्य चिन्हांची रांग उमटते. मराठी फाइल बिघडली अशी तक्रार ऐकू येते तेव्हा बहुतेक वेळा कारण एवढंच असतं.

दुसरा नियम सुरक्षेचा. कोणतीही स्क्रिप्ट मूळ फाइलीला हात लावणार नाही. ती मसुद्याच्या फोल्डरमधून वाचेल आणि तयार लेखांच्या फोल्डरमध्ये लिहील. पहिल्यांदा चालवताना तर तिने काहीच बदलू नये, ‘अमुक ओळीत अमुक बदल करणार आहे’ एवढा अहवाल द्यावा. तो डोळ्यांखालून घाला आणि मगच तिला लिहायची परवानगी द्या.

मजकूर स्वच्छ करणारी स्क्रिप्ट

सगळ्यांत मोलाची स्क्रिप्ट ही. एकच मराठी शब्द संगणकात दोन-तीन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो, आणि पडद्यावर त्या तऱ्हा हुबेहूब सारख्या दिसतात. वाचणाऱ्याला फरक कळत नाही, पण अक्षरं जशीच्या तशी जुळवून पाहणाऱ्या शोधाला ते वेगळेच शब्द असतात. ब्लॉगवर दहा वर्षांचं लेखन साठलं की जुना लेख सापडत नाही, लेबलं दुहेरी होतात, आणि कारण दिसत नाही.

‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ आणि ‘वाऱ्याचा’ असे शब्द घ्या. यांतला ‘ऱ्य’ किंवा ‘ऱ्ह’ लिहिण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिलीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दुसरीत ‘र’, त्याखाली नुक्ता (टिंब) आणि मग हलन्त. तिसरीत ‘र’, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं एक चिन्ह. कुठल्या कीबोर्डवरून टंकलं त्यावर कुठली पद्धत येते ते ठरतं, आणि एकच माणूस मोबाइलवर एक आणि संगणकावर दुसरी वापरत असतो. पायथनच्या ‘युनिकोडडेटा’ भागात ‘एनएफसी’ नावाची एकरूप करण्याची सोय आहे. ती पहिल्या दोन पद्धती एकच करते, तिसरीला हात लावत नाही. म्हणून स्क्रिप्टला क्रम असा द्या: आधी सगळा मजकूर एनएफसीतून काढायचा, मग जिथे ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडक एकापाठोपाठ येतात तिथे ‘ऱ’ आणि हलन्त ठेवायचे.

‘ॲ’ची गोष्ट अशीच. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना संगणकात जागा ठरवून देणारं मानक. त्याच्या २००८ मध्ये आलेल्या ५.१ आवृत्तीत ‘ॲ’ला स्वतःची जागा मिळाली. त्याआधी ‘अ’वर अर्धचंद्र चढवून ‘अॅ’ लिहिलं जाई, आणि आजही बरेच जण तसंच लिहितात. एनएफसी या दोन्हींना एक मानत नाही, तेव्हा हा बदलही आपणच सांगायचा: ‘अ’ आणि त्यापुढे अर्धचंद्र दिसला की ‘ॲ’. ‘आ’वर अर्धचंद्र दिसला तर ‘ऑ’.

एक मोह मात्र टाळा. अदृश्य चिन्हं त्रास देतात म्हणून ती सरसकट पुसून टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. मराठीत त्यांतली काही मुद्दाम घातलेली असतात. ‘वाङ्मय’ लिहिताना हलन्त मोकळा दिसावा म्हणून अनेक जण तिथे न दिसणारं विभाजक चिन्ह घालतात. ते काढलं की काही फाँटांमध्ये अक्षर भलतंच जुळतं. स्क्रिप्टने अशी उरलेली चिन्हं फक्त अहवालात दाखवावीत.

आता विसर्ग. ‘दुःख’ आणि ‘स्वतः’ या शब्दांत विसर्गाऐवजी अपूर्णविराम (:) टंकण्याची सवय सार्वत्रिक आहे. दोन देवनागरी अक्षरांच्या मध्ये, मोकळी जागा न सोडता, अपूर्णविराम आला तर तो जवळजवळ नेहमी विसर्गच असतो, तिथे स्क्रिप्टने बदल करावा. शब्दाच्या शेवटी मात्र घोटाळा होतो, कारण ‘साहित्य:’ किंवा ‘अंतर:’ यांमध्ये अपूर्णविरामच हवा असतो. त्यासाठी छोटी यादी द्या: स्वतः, पुनः, प्रायः, अंततः, मूलतः, वस्तुतः, विशेषतः, सामान्यतः, साधारणतः. यादीतला शब्द असेल तरच विसर्ग. अंकांच्या मधला अपूर्णविराम, म्हणजे वेळ, तसाच राहू द्यायचा.

अभंग-ओव्या उद्धृत करणाऱ्यांसाठी आणखी एक. कीबोर्डवर दंड सापडत नाही म्हणून लोक उभी रेघ टंकतात. एक रेघ असेल तर ‘।’ आणि जोडरेघ असेल तर ‘॥’ करणं दोन ओळींचं काम आहे. मार्कडाउनच्या तक्त्यांतही उभी रेघ लागते, तेव्हा हा बदल उद्धरणाच्या खुणेने सुरू होणाऱ्या ओळींपुरताच ठेवा.

बाकीची सफाई सोपी आहे. लागोपाठ आलेले दोन अनुस्वार किंवा दोन सारख्याच मात्रा (काही फाँटांत त्या एकावर एक बसतात आणि कळतही नाहीत), स्वल्पविरामाआधीची मोकळी जागा, वर्डमधून आलेल्या न तुटणाऱ्या मोकळ्या जागा, एका ओळीत दोन-दोन मोकळ्या जागा. अंक देवनागरी ठेवायचे की इंग्रजी ते एकदा ठरवा आणि स्क्रिप्टला सांगा. पण लिंकांच्या आत आणि फाइलींच्या नावांत तिने अंक बदलता कामा नयेत. मजकूर तपासण्याआधी लिंका बाजूला काढून ठेवायच्या आणि शेवटी परत जागेवर बसवायच्या, हा त्यातला भरवशाचा उपाय.

शुद्धलेखनाचं काय, असा प्रश्न येतो. पूर्ण तपासणी या स्क्रिप्टच्या आवाक्यातली नाही. पण आपल्या हातून नेहमी होणाऱ्या चुका मोजक्याच असतात. त्यांची दोन रकान्यांची फाइल करा: ‘महत्व’ आणि ‘महत्त्व’, ‘उज्वल’ आणि ‘उज्ज्वल’, ‘परिक्षा’ आणि ‘परीक्षा’, ‘आशिर्वाद’ आणि ‘आशीर्वाद’, ‘कवियत्री’ आणि ‘कवयित्री’. स्क्रिप्ट डावा शब्द शोधेल आणि ओळ दाखवेल. आपोआप बदल मात्र करू देऊ नका. कारण बघा: ‘सत्व’चं ‘सत्त्व’ करायला सांगितलं तर ‘सत्वर’चंही ‘सत्त्वर’ होईल. पूर्ण शब्द जुळला तरच बदल असं म्हणावं, तर विभक्तीचे प्रत्यय आडवे येतात, ‘सत्वाचा’ सुटून जातो. इथे माणसाची नजरच हवी. ओळ समोर आली की निर्णयाला क्षणभरही लागत नाही, शोधण्याचा वेळ तेवढा वाचतो.

कोड लिहिणाऱ्यासाठी एक तांत्रिक सूचना, कारण हा खड्डा हमखास लागतो. पायथनच्या नेहमीच्या ‘रेगएक्स’मध्ये (मजकुरातले नमुने शोधण्याच्या सोयीत) शब्दातलं अक्षर ओळखण्याची जी खूण आहे, तिला काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही अक्षरं वाटतच नाहीत. त्यामुळे ‘हरिश्चंद्रगड’ या एका शब्दाचे ती पाच तुकडे करते. शब्दाची सीमा ओळखणारी खूणही त्याच कारणाने फसते. शब्द मोजायचे असतील तर मोकळ्या जागेवर तोडून मोजावेत. लेखाचा छोटा उतारा काढायचा असेल तर ठरावीक चिन्हांवर न कापता त्याआधीच्या मोकळ्या जागेवर कापावा. एरवी ‘किल्ला’ शब्दातला नुसता ‘क’ उरतो आणि वेलांटी पलीकडे जाते.

श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या फाँटांत टंकलेले लेख ज्यांच्याकडे आहेत त्यांना याआधी एक पायरी चढावी लागेल. त्या फाइलींत मराठी नसतंच. इंग्रजी आणि इतर चिन्हांना देवनागरीचे आकार चढवलेले असतात. प्रत्येक फाँटाचा तक्ता वेगळा, म्हणून परिवर्तक त्याच फाँटासाठी बनवलेला लागतो. ऱ्हस्व वेलांटी तिथे अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं उलट: तो तिथे अक्षरानंतर असतो, तो उचलून अक्षराआधी न्यावा लागतो. रूपांतर झाल्यावर या दोन गोष्टी आधी तपासा. छापील अंकांसाठी जपून ठेवलेलं कितीतरी चांगलं लेखन अशा फाइलींत अडकून पडलं आहे, ते सोडवण्यासारखी दुसरी सत्कारणी लागणारी सुट्टी नाही.

फोटो

मोबाइलचा बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलांचा आणि काही एमबींचा असतो. राजगडाच्या लेखात असे वीस फोटो टाकले तर गावाकडच्या नेटवर्कवर तो लेख उघडेपर्यंत वाचक निघून जातो. लेखातल्या फोटोला १२०० पिक्सेल रुंदी पुरते.

स्क्रिप्टचा क्रम महत्त्वाचा आहे:

१. फोटो उघडा आणि त्यात साठवलेली काढल्याची तारीख वाचून ठेवा.
२. फोटो सरळ करा. कॅमेरा फोटो आडवाच साठवतो आणि ‘दाखवताना फिरवा’ अशी टीप सोबत ठेवतो. पिलोमधली ‘एक्झिफ ट्रान्सपोज’ ही सोय ती टीप वाचून फोटो खरोखरच फिरवते. ही पायरी गाळली आणि पुढे माहिती पुसली की उभे फोटो आडवे पडतात.
३. रुंदी १२०० करा, उंची त्या प्रमाणात. फोटो आधीच लहान असेल तर मोठा करू नका.
४. जेपेगचा दर्जा (क्वालिटी) ८० ठेवून वेगळ्या फोल्डरमध्ये जतन करा. जतन करताना एक्झिफ माहिती (कॅमेऱ्याने फोटोत साठवलेली तारीख, ठिकाण वगैरे) सोबत देऊ नका, पण रंगांचा प्रोफाइल द्या. तो गळला तर काही मोबाइलच्या फोटोंतले रंग फिके पडतात.
५. नवं नाव द्या: तारीख, लेखाचा पत्ता आणि क्रमांक.

आयफोनचे ‘एचईआयसी’ प्रकारातले फोटो पिलोला थेट उघडत नाहीत, त्यासाठी ‘पिलो-हाइफ’ हे जोडसाधन बसवावं लागतं.

चौथ्या पायरीतली माहिती पुसणं मी ऐच्छिक मानत नाही. मोबाइलमध्ये ठिकाणाची नोंद चालू असेल तर फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश असतात. घराच्या गच्चीवर काढलेल्या फोटोतून घर कळतं. कड्यावरच्या गिधाडांच्या घरट्याचा किंवा दुर्मीळ ऑर्किडचा फोटो टाकला तर ती जागा कोणालाही सापडते, आणि येणारा प्रत्येक जण भल्या हेतूनेच येईल असं नाही. मूळ फोटोंत ती माहिती राहू द्या, आपल्याला ती पुढे लागते. बाहेर जाणाऱ्या प्रतींत नको.

फोटोचं वर्णन मात्र स्क्रिप्टकडून लिहून घेऊ नये. तिने फक्त ज्या फोटोंना वर्णन नाही त्यांची यादी द्यावी. स्क्रीन रीडरवर ऐकून वाचणाऱ्याला ‘फोटो ७’ ऐकू येण्यापेक्षा ‘संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी, पद्मावतीवरून’ ऐकू येणं केव्हाही चांगलं, आणि ते वाक्य तिथे गेलेल्या माणसानेच लिहावं.

लेखाचा पत्ता

मराठी शीर्षकावरून आपोआप तयार होणारा पत्ता हे दुर्लक्षित दुखणं आहे. वेबपत्त्यात देवनागरी थेट जात नाही. प्रत्येक चिन्हाच्या तीन बाइटांचे टक्क्याच्या खुणेसह नऊ रोमन अक्षर-अंक होतात. ‘हरिश्चंद्रगड’ एवढ्या शब्दात काना-मात्रा धरून बारा चिन्हं आहेत, त्याचेच १०८ झाले. वर्डप्रेस पत्त्यासाठी २०० जागा देतो, म्हणजे मराठीची जेमतेम बावीस चिन्हं. शीर्षक लांब असेल तर पत्ता अर्ध्यावर तुटतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेली ती लांबलचक टक्केवाली लिंक पाहून लोक बिचकतात ते वेगळंच. ब्लॉगरवर निव्वळ मराठी शीर्षक दिलं तर लेखाला ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि एखादा आकडा असा निनावी पत्ता मिळतो.

उपाय म्हणजे छोटा रोमन पत्ता. तो तयार करायला लिप्यंतराच्या स्क्रिप्ट मिळतात, पण त्या प्रत्येक व्यंजनातला ‘अ’ धरून चालतात, आणि ‘राजगड’चं रोमन रूप ‘राजगडा’सारखं होऊन बसतं. मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण उच्चारत नाही, मधला कधी उच्चारतो कधी नाही, हे त्यांना उमगत नाही. पत्ता हातानेच लिहावा हे माझं मत. दोन-तीन शब्द लिहायला वेळ तो किती लागणार? स्क्रिप्टकडे तपासणी द्या: पत्त्याची ओळ आहे का, त्यात लहान रोमन अक्षरं, अंक आणि जोडरेघा यांपलीकडे काही आहे का, हा पत्ता आधीच्या एखाद्या लेखाला दिलेला आहे का. तीन प्रश्न, तीन ओळी.

प्रसिद्ध झालेल्या लेखाचा पत्ता मात्र नंतर बदलू नका. इतरांनी दिलेल्या लिंका त्याने तुटतात.

लिंका

तयार लेखांच्या सगळ्या फाइली वाचून त्यांतल्या लिंका गोळा करायच्या, एकेक उघडून पाहायची आणि उत्तर नोंदवायचं. उत्तर आकड्यात येतं. २०० म्हणजे पान आहे. ३०१ म्हणजे ते कायमचं हलवलंय, नवा पत्ता नोंदवून ठेवावा. ४०४ म्हणजे सापडत नाही, ४१० म्हणजे मुद्दाम काढून टाकलंय. ४०३ आला तर घाई करू नका. बऱ्याच संकेतस्थळांना स्क्रिप्टने केलेली भेट चालत नाही, पण ब्राउझरमध्ये पान व्यवस्थित उघडतं. असे पत्ते हातानेच पाहावेत. दोन लिंकांमध्ये स्क्रिप्टने दोन-तीन सेकंद थांबावं. दुसऱ्याच्या सर्व्हरवर एका दमात शेकडो हाका मारणं बरं नव्हे, आणि ४२९ हा आकडा तेच बजावण्यासाठी येतो.

२०० आला म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. संस्थेने नाव सोडून दिलं की दुसराच कोणी ते घेतो आणि तिथे जाहिराती लावतो. म्हणून स्क्रिप्टने प्रत्येक पानाचं शीर्षकही साठवावं आणि पुढच्या वेळी ते वेगळं आलं तर तसं सांगावं.

अहवाल सीएसव्ही फाइलीत घ्या म्हणजे एक्सेलमध्ये उघडता येतो. ती फाइल ‘यूटीएफ-८-सिग’ या प्रकारात जतन करा. नुसत्या यूटीएफ-८मध्ये केली तर दोनदा टिचकी मारून उघडल्यावर एक्सेल बरेचदा मराठीचा चुराडा करून दाखवतं.

मेलेल्या लिंकेची जागा इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मधली प्रत घेऊ शकते. पण ती प्रत तिथे असायला हवी. लेख प्रसिद्ध करतानाच त्यातली प्रत्येक बाहेरची लिंक ‘सेव्ह पेज नाउ’कडे पाठवणं हे त्याहून शहाणपणाचं. सरकारी खात्यांची संकेतस्थळं नव्याने बांधली जातात तेव्हा गॅझेटियरचे, जीआरचे जुने पत्ते बरेचदा जातात. इतिहासावर लिहिणाऱ्याचा सगळा आधार तिथेच असतो.

ड्राफ्टपर्यंतच

वर्डप्रेसला लेख स्क्रिप्टने पाठवता येतो. त्याची ‘रेस्ट एपीआय’ ही सोय (बाहेरच्या प्रोग्रॅमला वर्डप्रेसशी बोलू देणारी) २०१६ पासून मूळ वर्डप्रेसमध्येच आहे, आणि २०२० मधल्या ५.६ आवृत्तीपासून स्क्रिप्टसाठी वेगळा ‘ॲप्लिकेशन पासवर्ड’ काढता येतो. नेहमीचा पासवर्ड स्क्रिप्टला कधीच देऊ नका. हा वेगळा पासवर्डही स्क्रिप्टच्या फाइलीत न लिहिता संगणकाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (स्क्रिप्टबाहेर, संगणकाच्या सेटिंगमध्ये साठवलेल्या नोंदीत) ठेवा, म्हणजे स्क्रिप्ट कोणाला दिली तरी तो सोबत जाणार नाही. ब्लॉगरलाही एपीआय आहे, पण परवानगीचे सोपस्कार लांबलचक आहेत. आठवड्याला एक लेख लिहिणाऱ्याने पँडॉकने केलेलं एचटीएमएल चिकटवावं, तेवढं पुरे.

लेखाची स्थिती ‘ड्राफ्ट’ अशीच पाठवावी. प्रसिद्ध करण्याचं बटण माणसाने दाबावं, मोबाइलवर एकदा पूर्ण वाचून.

मजकुराची आणि फोटोंची स्क्रिप्ट आपण हाताने चालवतो. लिंका आणि बॅकअप मात्र वेळापत्रकावर टाका: लिंका महिन्याला, बॅकअप आठवड्याला. विंडोजवर ‘टास्क शेड्युलर’, लिनक्सवर आणि मॅकवर ‘क्रॉन’. दोन्हीकडे एकच गोष्ट नडते. स्क्रिप्ट वेळापत्रकावरून चालते तेव्हा ती आपल्या फोल्डरमध्ये उभी नसते, म्हणून फाइलींचे आणि पायथनचेही पूर्ण मार्ग द्यावे लागतात. टास्क शेड्युलरमध्ये वेळ चुकल्यास नंतर लगेच चालवण्याचा पर्याय आहे, तो निवडा. घरचा संगणक ठरल्या वेळी बंदच असण्याची शक्यता जास्त.

बॅकअप

जिओसिटीज अमेरिकेत २००९ मध्ये बंद झालं, गूगल प्लस २०१९ मध्ये. आपला ब्लॉग ज्या सेवेवर आहे ती उद्या राहील याची हमी कोणी दिलेली नाही, तेव्हा पूर्ण प्रत आपल्याजवळ हवी.

ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्ही लेखांची एक्सएमएल फाइल देतात, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. पण त्या फाइलीत फोटो नसतात, फोटोंचे पत्ते असतात. सेवा बंद झाली की लेख उरतील आणि फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. म्हणून स्क्रिप्टने ती एक्सएमएल फाइल वाचावी, त्यातले फोटोंचे पत्ते वेचावेत, जे फोटो आधी उतरवलेले नाहीत तेवढे उतरवावेत, आणि कुठला फोटो कुठल्या लेखातला याची यादी सोबत ठेवावी. ब्लॉगरच्या फोटोंच्या पत्त्यात बहुधा ‘एस’ या रोमन अक्षरापुढे आकार लिहिलेला असतो. त्या आकड्याच्या जागी शून्य घातलं की साठवलेल्यांतली सगळ्यात मोठी प्रत मिळते, नाहीतर लेखात दिसणारी छोटी प्रतच हाती येते.

प्रत्येक बॅकअपच्या फोल्डरला तारखेचं नाव द्या, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. शेवटचे आठ ठेवून जुने पुसायचं कामही स्क्रिप्टला देता येईल, पण दर वर्षातला एक कायमचा ठेवा. एक प्रत संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या ठिकाणी: क्लाउडवर किंवा दुसऱ्या शहरातल्या भावंडाकडे.

स्क्रिप्टने शेवटी तीन आकडे लिहावेत: लेख किती, फोटो किती, एकूण आकार किती. मागच्या वेळेपेक्षा लेख कमी भरले तर तिने मोठ्या अक्षरांत तसं सांगावं आणि जुनं काहीही पुसू नये.

वर्षातून एकदा एक रिकामा खासगी ब्लॉग उघडून त्यात हा बॅकअप आयात करून पाहा. वेगवेगळ्या वर्षांतले पाच लेख उघडा. ‘दुसऱ्या’ आणि ‘ॲ’ असलेला एखादा शब्द शोधून पाहा, अभंगांतले दंड पाहा. आयात झालेले लेख फोटो अजूनही जुन्याच पत्त्यावरून ओढत असतात, त्यामुळे तिथे फोटो दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. उतरवलेल्या फोटोंच्या फोल्डरमधले काही फोटो उघडून यादीशी ताडून बघा, आणि मग तो चाचणीचा ब्लॉग काढून टाका.